पाटणादेवीची डोंगरवाट आणि नंतरचं भरीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीच्या दिवसांत रविवार धरून आम्ही मंडळी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या डोंगरात चालायला जातो आणि दुपारी जवळच्या शेतात भरीत-भाकरीची पंगत करतो. नवी माणसं येण्याआधी जे जे विचारतात ते इथे एकत्र लिहिलं आहे. घाईत असाल तर पाणी, मधमाश्या आणि दारू हे तीन प्रश्न तरी वाचाच.

नेमका कार्यक्रम काय असतो?

सकाळी साडेसातच्या सुमारास पाटणादेवीहून चालायला सुरुवात. कन्हेरगडाची चढण, वाटेतली लेणी, माथ्यावर थोडी विश्रांती, उतरून देवीचं दर्शन, आणि दीड-दोनपर्यंत गौताळा अभयारण्याबाहेरच्या एका शेतात जेवण. वांगी भाजण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळी कामं आम्हीच करतो, त्यामुळे जेवणालाही दोन-अडीच तास लागतात.

एक नियम कधीच मोडत नाही : शेवटचा माणूस डोंगर उतरून, हातपाय धुऊन येईपर्यंत पंगत बसत नाही. भराभर चालणारे आधी येऊन जेवून मोकळे झाले, तर मागून येणाऱ्याच्या वाट्याला गार भाकरी आणि आवरायला निघालेली माणसं येतात. असा माणूस पुन्हा येत नाही. दिवसभराचं आमचं सगळं वेळापत्रक या एका नियमावर बेतलेलं आहे.

थंडीतच का जाता? उन्हाळ्यात, पावसाळ्यात का नाही?

उन्हाळ्याचं उत्तर खानदेशच्या माणसाला सांगायला नको. मार्चच्या उत्तरार्धापासून ऊन चढू लागतं, एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कन्हेरगडाच्या चढावर सावली जवळजवळ नाही. तेव्हा तिथे माणसं नेणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण.

पावसाळ्यात हा डोंगर फार सुंदर दिसतो, केदारकुंड आणि धवलतीर्थाचे धबधबे तेव्हाच जोरात असतात. तरी मोठा गट घेऊन आम्ही तेव्हा जात नाही. डोंगरावर पडलेलं पाणी ओढ्यांतून फार वेगानं खाली येतं. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस एका रात्रीच्या पावसानं चाळीसगाव परिसरात पूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या, हे इथल्या कुणी विसरलेलं नाही. पंचवीस माणसं ओढ्याच्या पलीकडे आणि पाणी वाढतंय, हा प्रसंग कुणावरही येऊ नये. ज्यांना धबधबे बघायचे आहेत त्यांनी घरच्या चार माणसांसोबत, पाऊस उघडल्यावर, वनखात्याच्या लोकांना विचारून जावं.

शिवाय भरिताची वांगी थंडीतच खरी. चातुर्मासात कित्येक घरांत वांगं वर्ज्य असतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग मोकळीक. आमचा पहिला रविवारही चंपाषष्ठीनंतरचाच असतो आणि शेवटचा फेब्रुवारीत.

चाळीसगावला कसं पोहोचायचं? कुठे जमायचं?

मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावर चाळीसगाव जंक्शन आहे, धुळ्याची शाखा इथेच येऊन मिळते. जळगाव, भुसावळ, पाचोरा, धुळे इथली मंडळी बहुतेक रेल्वेनंच येतात. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी बघून घ्या. आम्ही साडेसहाला स्टेशनाबाहेर जमतो, चहा घेतो आणि ठरवलेल्या गाड्यांनी निघतो. पाटणादेवी तिथून अठराएक किलोमीटर आहे. स्वतःची मोटरसायकल आणणार असाल तर कृपा करून आदल्या रात्री पूर्ण झोप घ्या. परतीच्या वेळी पोट भरलेलं असतं, ऊन कललेलं असतं आणि डोळे मिटायला लागतात.

मला जमेल का? मी कधी डोंगर चढलेलो नाही.

रोज अर्धा-पाऊण तास न थांबता चालत असाल तर जमेल. चढण तास-दीड तासाची आहे, मध्ये काही जागा उभ्या आणि घसरड्या आहेत, पण दोर लावून चढण्यासारखं काही नाही. खरी परीक्षा उतरताना असते. जानेवारीपर्यंत गवत वाळून पिवळं पडतं, त्याखाली मुरूम असतो, आणि त्या गवतावर पाय ठेवला की तो सरकतो. पाऊल आडवं टाकायचं, टाच रोवायची, समोरच्याच्या खांद्याला धरायचं नाही. गुडघ्याचा त्रास असेल तर काठी आणा.

दमा, हृदयविकार, मिरगी, मधुमेहाचं इन्सुलिन, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर आधी सांगा. तुम्हाला वगळायचं म्हणून नव्हे, तुमच्यासोबत कोण चालणार हे ठरवायचं म्हणून.

सगळे पुढे गेले आणि मी मागे राहिले तर?

राहणार नाही. पुढे वाट माहीत असलेला एक जण असतो आणि सगळ्यांत मागे आमच्यातला एक अनुभवी माणूस असतो. पुढच्याला ओलांडायचं नाही आणि मागच्याच्या मागे राहायचं नाही, एवढं पाळलं की झालं. वाट फुटते तिथे पुढचे थांबतात, डोकी मोजली जातात, मगच पुढे. लघवीला बाजूला जायचं असेल तर सोबतच्या एकाला सांगून जा आणि पाठीवरची पिशवी वाटेवर ठेवा, म्हणजे मागच्याला कळतं की इथे कुणीतरी आहे.

दमलात तर दमले म्हणून सांगा. कुणी हसणार नाही, आणि हसलाच तर त्याला वांगी सोलायला बसवतो.

तिथे बघण्यासारखं काय आहे?

खूप. खानदेशात राहून कित्येकांनी हे पाहिलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

पाटणा हे आज जंगलातलं देवस्थान वाटतं, पण यादवांच्या काळात हे नांदतं गाव होतं, बाजारपेठ होती. इथल्या देवळातला शिलालेख १२०७ सालचा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. 'लीलावती' आणि 'सिद्धांतशिरोमणी' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचं अध्यापन चालावं म्हणून त्यानं इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. या पाटणात जो माल विकायला येईल त्यावरच्या कराचा वाटा मठाला द्यावा, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी इथल्या बाजारात उतरलेल्या मालावर गणिताची शाळा चालत होती. देवळाच्या आवारात उभं राहून हे ऐकलं की पोरं गप्प होतात, आणि पोरांचे बापही.

जवळच महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. पायाशी बसून खालच्या थरांपासून वर बघत जा. एका थरावर दुसरा थर कसा बसवलाय, कोपरे कसे मोडत वर नेलेत, हे त्याशिवाय दिसत नाही. गडाच्या वाटेवर नागार्जुन कोठी आणि सीतेची न्हाणी ही कोरीव लेणी आहेत. नागार्जुन कोठी जैन लेणं आहे. आत अंधार असतो आणि डोळे सरावायला मिनिटभर लागतं. तेवढा वेळ थांबा, लगेच मोबाईलचा दिवा लावू नका. वटवाघळं बिथरतात आणि तुम्हालाही मूर्ती नीट दिसत नाहीत, कारण समोरून पडलेल्या उजेडात कोरीवकाम सपाट होऊन जातं. दिवा लावायचाच तर बाजूनं धरा.

माथ्यावरून एका अंगाला गौताळ्याचं जंगल आणि दुसऱ्या अंगाला चाळीसगावकडचा सपाट मुलूख दिसतो. अजिंठ्याची डोंगररांग खानदेशाची दक्षिण सीमा आहे, हे नकाशात वाचून जेवढं कळत नाही तेवढं इथे उभं राहिल्यावर कळतं.

पितळखोऱ्याची लेणीही याच दिवशी होतील का?

नाही. पितळखोरं याच डोंगररांगेत आहे, पाटणादेवीहून जंगलातून तिकडे वाट जाते, पण दोन्ही एका दिवसात करायला गेलं की दोन्ही ओझरतं होतं. ती लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची आहेत. तिथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचं नाव कोरलेलं आहे. एवढ्या जुन्या कारागिराचं नाव आपल्यापर्यंत पोहोचणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. त्यासाठी वेगळा दिवस काढा, कन्नड घाट चढून गाडीरस्त्यानं जा आणि सावकाश बघा.

सोबत काय आणायचं?

पाणी माणशी तीन लिटर. दोन लिटरमध्ये भागेल असं थंडीत सगळ्यांनाच वाटतं, आणि दहा वाजता ऊन लागलं की बाटल्या रिकाम्या होतात. गडावर पिण्याजोगं पाणी मिळेल असं धरून चालू नका.

तळाची नक्षी न झिजलेले बूट. चप्पल-सँडल चालणार नाही. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी किंवा उपरणं, मूठभर गूळ-शेंगदाणे, दोन केळी, स्वतःची औषधं, जेवणासाठी ताट-वाटी-पेला. पंगतीला आम्ही थर्माकोलच्या पत्रावळी वापरत नाही. केळीची पानं मिळाली तर पानावर, नाही तर आपापल्या ताटात.

मोजे लांब आणि घट्ट विणीचे घ्या. वाळलेल्या गवताची कुसळं सैल विणीच्या मोज्यात शिरतात, प्रत्येक पावलागणिक आत सरकतात आणि घोट्याला टोचत राहतात. ओढून काढायला गेलं की अर्धं मोडून आत राहतं. त्यापेक्षा प्लॅस्टिकच्या कंगव्यानं वरून खाली विंचरून काढा. सहज निघतात.

अत्तर, डिओ, वासाचं तेल लावू नका. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

मधमाश्यांची एवढी भीती का घालता?

भीती घालत नाही, पण डोंगरात बिबट्यापेक्षा मधमाश्यांनी जास्त माणसं जखमी होतात. कड्याच्या छपरासारख्या पुढे आलेल्या भागाला आणि लेण्यांच्या वरच्या कपारीला आग्या मोहोळं लटकलेली असतात. धूर, उग्र वास, दगड, आरडाओरडा यांनी ती उठतात. एक माशी चावली की तिच्या नांगीतून असा वास सुटतो की बाकीच्या माश्या त्याच जागी येतात. म्हणून हात हलवून मारत बसणं सगळ्यांत वाईट. मारलेली माशी आणखी दहा माश्यांना बोलावते.

मोहोळ दिसलं की पुढचा माणूस हात वर करतो. तिथून पुढे बोलणं बंद, फोटो बंद, एकामागे एक सरळ निघून जायचं. उठलंच, तर डोकं आणि तोंड उपरण्यानं, ओढणीनं झाकून आल्या वाटेनं लांब जात राहायचं. थोडं लांब येऊन थांबू नका, आग्या माश्या बऱ्याच अंतरापर्यंत पाठलाग करतात. पण कड्याजवळ धावू नका. डंखापेक्षा पडल्यानं जीव जातो. सुरक्षित जागी आल्यावर नांगी नखानं किंवा कार्डाच्या कडेनं खरवडून काढा. चिमटीत धरून ओढली तर विषाची पिशवी दाबली जाते. ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना.

पूर्वी कधी डंखानं असा त्रास झाला असेल, तर लेण्यांपर्यंत येऊ नका. खाली देवळात थांबा, तिथेही बघण्यासारखं पुष्कळ आहे.

जंगली जनावरं, साप?

गौताळा औट्रमघाट अभयारण्यात बिबट्या आणि अस्वल आहेत. गटानं, दिवसाउजेडी, वाट न सोडता चालणाऱ्यांना ते सहसा दिसतही नाहीत. सापाच्या बाबतीत एकच : जिथे हात घालणार ती जागा आधी डोळ्यांनी बघा. दगडाच्या फटीत बोटं घालून चढू नका. चावलाच तर चिरा मारणं, आवळून बांधणं, तोंडानं ओढणं यातलं काही करू नका. माणसाला शांत ठेवा, पाय हलू देऊ नका, उचलून खाली आणा आणि सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिविषाचं इंजेक्शन तिथे देतात.

मोबाईलला रेंज असते का?

काही ठिकाणी असते, काही ठिकाणी नसते. घरी आधीच सांगून या की संध्याकाळी सहापर्यंत फोन लागला नाही तरी काळजी करू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि वनखात्यासाठी १९२६ हे क्रमांक फोनमध्ये आणि कागदावरही लिहून ठेवा.

मी एकटी येणार आहे, कुणी ओळखीचं नाही. चालेल?

नक्की या. आमच्यात एकट्या येणाऱ्या ताया आहेत, शिक्षिका आहेत, निवृत्त झालेल्या काकू आहेत. पहिल्या दिवशी एका अनुभवी ताईशी तुमची गाठ घालून देतो, दिवसभर त्या सोबत असतात. स्वच्छतागृहाचं खरं ते सांगतो : डोंगरावर सोय नाही. निघण्याआधी चाळीसगावात उरकून घ्या. मासिक पाळीचे दिवस असतील तर कागदी पिशवी सोबत ठेवा आणि सगळं परत घेऊन या. मध्येच खाली उतरावंसं वाटलं तर सोबत देऊन उतरवलं जातं, कारण विचारलं जात नाही.

गटातल्या कुणाच्या बोलण्या-वागण्यानं त्रास झाला तर त्याच दिवशी सांगा. त्या माणसाला पुन्हा बोलावत नाही. यात मधला मार्ग नाही.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं?

आठ वर्षांवरची, स्वतःच्या पायांनी चालणारी मुलं, आई किंवा बाप सोबत असेल तर. ज्यांना चढणं शक्य नाही अशा आजी-आबांनी खाली थांबावं, देवीचं दर्शन घ्यावं, महादेवाचं देऊळ बघावं. तिथून त्यांना शेतावर लवकर नेतो. खरं सांगायचं तर भरिताची सगळी सूत्रं त्यांच्याच हातात असतात. वांगं आतपर्यंत भाजलं की नाही हे देठाकडे बोट दाबून सांगणारी आजी नसेल, तर आमचं जेवण अर्ध्यावर येतं.

जंगलातच चूल का नाही मांडत?

कारण ते अभयारण्य आहे. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी जानेवारीतलं गवत एका ठिणगीनं पेटतं आणि वारा असेल तर हातानं विझत नाही. अभयारण्यात विडी-सिगारेटही नाही. जेवण नेहमी बाहेर, विहिरीला पाणी असलेल्या शेतात, मालकाच्या परवानगीनं, नांगरलेल्या किंवा मोकळ्या जागेत. निघताना राखेवर पाणी ओततो आणि हात फिरवून बघतो.

भरीत कसं करता? मला काही येत नाही, मी काय मदत करू?

काही येत नसेल तर उत्तमच, इथे शिकायला मिळेल.

वांगी आदल्या दिवशी येतात. भरिताची वांगी फिकट हिरवी, मोठी, हलकी आणि कमी बियांची हवीत. हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं जड लागलं तर ते वांगं बियाळ समजायचं. यावल तालुक्यातलं बामणोद, जळगावजवळचं असोदा इथली वांगी नावाजलेली आहेत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. माणशी ३०० ग्रॅम कच्ची वांगी धरतो. घरी एवढी लागत नाहीत, डोंगर उतरून आलेल्यांना लागतात.

वांग्याला आधी दोन-चार टोचे द्यायचे, नाही तर वाफ कोंडून ते फुटतं. मग कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या काड्यांचा जाळ. निखारा नव्हे, जाळ. या काड्या भराभर पेटतात, मोठी ज्योत देतात, आणि साल करपून आतला गर शिजेपर्यंत धुराचा वास गरात उतरतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ही चव येत नाही. लांब काठीनं वांगी फिरवत राहायचं काम तरुण पोरांकडे असतं, कारण तोंडावर झळ येते. बाहेर काढली की गरम असतानाच सोलायची. पाण्याखाली धरून सोलू नका, अर्धी चव वाहून जाते. बाजूला गार पाण्याचं भांडं ठेवून बोटं तेवढी बुडवायची.

तोवर दुसरीकडे हिरव्या मिरच्या आणि लसूण तेलात परतून बडगीत, म्हणजे खोलगट लाकडी भांड्यात, ठेचलेल्या असतात. त्यातच गर घालून ठेचायचा. मिक्सर नाही, त्यानं गराची पेस्ट होते. रेषा दिसल्या पाहिजेत. मग भाजलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे पातळ काप, कांद्याची पात, कोथिंबीर, मीठ. इथे दोन पक्ष पडतात : कच्चं भरीत खाणारे आणि वरून तेलाची फोडणी घालणारे. आम्ही दोन पातेली ठेवतो. माझं मत विचाराल तर पहिला घास कच्च्याचा घ्यावा, वांग्याचा खरा वास त्यातच कळतो.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत साबूत उडीद आणि मीठ घालून दळलेलं ते कळण. साधारण चार वाटे ज्वारी आणि एक वाटा उडीद. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, म्हणून नवशिक्यालाही भाकरी थापता येते. पहिली मोडेल, दुसरी जाड होईल, तिसरी फुगेल. शिवाय कांदा, मुळा, लिंबू, आणि कुणाच्या घरून आलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड.

मी वांगं खात नाही. माझा उपवास असेल तर? कांदा-लसूण चालत नसेल तर?

नाव देतानाच कळवा. त्यांच्यासाठी वरण-बट्टी किंवा शेवभाजी असते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं पातेलं आधी, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पळीनं होतं. रविवारी संकष्टी किंवा एकादशी आली तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी करतो. आमचे दोन-तीन मित्र रोजाच्या दिवसांत येतात तेव्हा चढण धरत नाहीत, संध्याकाळपर्यंत थांबतात आणि त्यांच्या रोजा सोडण्याच्या वेळी आम्हीही चहाला पुन्हा बसतो. मांसाहार शेतावर करत नाही. शेतमालकाच्या घरी चालत नाही, आणि जागा त्यांची आहे.

तिखट सोसत नाही.

तिखट कमी असलेलं भरीत बाजूला काढून ठेवतो. मुलांसाठी लागतंच.

थोडी घेतली तर चालेल का?

नाही. दारू, बिअर, गाडीत ठेवून आणलेली, जेवणानंतर एखादी, यातलं काहीच चालत नाही. 'पार्टी' म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे बाटली येते, म्हणून स्पष्ट लिहितो. चार तास उन्हात चालल्यावर अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं आणि दारूनं ते आणखी कमी होतं. परत गाडी चालवायची असते. शेजारी विहीर आणि पेटती चूल असते. आणि सोबत आलेल्या आया-बहिणींना, पोरांना त्या जागी मोकळं वाटलं पाहिजे. एका माणसानं घेतली की बाकी सगळे त्याला सांभाळण्यात गुंततात आणि पंगतीचा आनंद संपतो. घेऊन आलेल्याला आम्ही गटासोबत चढू देत नाही.

मग प्यायला काय असतं?

डोंगरावरून आल्याआल्या लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, तेही घोटाघोटानं. जेवताना ताक : जिरं, आलं, कोथिंबीर आणि थोडं काळं मीठ घातलेलं, मडक्यात गार झालेलं. उसाचा हंगाम असतो, त्यामुळे परतीच्या वाटेवर रसवंती सुरू असेल तर रस. आणि चारच्या सुमारास चुलीवरचा गुळाचा कोरा चहा. या चहाला माणसं खरी बोलती होतात. सकाळी एकमेकांना 'सर', 'मॅडम' म्हणणारे तोवर भाऊ, ताई, जिभाऊ झालेले असतात. थकलेला माणूस पोटभर जेवून मातीवर बसला की उगाच मोठेपणा करत नाही, असं मी वर्षानुवर्षं बघतोय.

अहिराणी येत नाही, परकं वाटेल का?

नाही वाटणार. जळगावची लेवा बोली बोलणारे, धुळ्याची अहिराणी बोलणारे, नोकरीनिमित्त आलेले पुण्या-नागपूरचे, सगळे असतात. 'जेवाले चाला' एवढं कळलं की दिवस निभतो.

खर्च किती येतो?

जो होईल तो सारखा वाटून घेतो : गाड्या, वाटाड्याचा रोज, अभयारण्याचं प्रवेशशुल्क, सामान. हिशेब संध्याकाळी सगळ्यांसमोर वाचला जातो. शेतमालक पैसे घेत नाहीत, म्हणून त्यांच्याकडचा भाजीपाला, शेंगा, लिंबं आम्ही भावानं विकत घेतो. विद्यार्थ्यांकडून निम्मे. अडचण असेल तर एकट्याला गाठून सांगा, पैशांसाठी कुणी मागे राहू नये.

गाणी लावली, फोटो काढले, नाव लिहिलं तर?

फोटो काढा, कड्याच्या टोकावर उभं राहून नको. लोकांचे फोटो विचारून. स्पीकर नाही. तुम्हाला गाता येत असेल तर जेवणानंतर गा, आम्ही ऐकतो. भिंतीवर नाव, बाण, बदाम काहीही लिहायचं-कोरायचं नाही. संरक्षित स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आठशे वर्षं टिकलेल्या दगडावर खडूनं लिहायलाही हात धजावू नये.

कचऱ्याचं काय करता?

प्रत्येकानं आपला आपण परत न्यायचा, केळीची सालंसुद्धा. माकडांना काही द्यायचं नाही. एकदा चटक लागली की पुढच्या माणसाच्या हातातली पिशवी ओढतात. वांग्याची सालं आणि उष्टं शेतातल्या उकिरड्यात जातं.

उरलेलं भरीत घरी नेता येतं का?

हो, डबा आणा. आधी सगळ्यांचं जेवण, मग वाटाड्याच्या घरचा डबा, मग बाकीच्यांचे. फोडणी न दिलेलं भरीत रात्रीपर्यंत संपवा, फोडणीचं सकाळपर्यंत टिकतं. डब्यात भरताना ते पूर्ण गार झालेलं असू द्या, गरम भरून झाकण लावलं तर चाळीसगाव स्टेशन येईपर्यंत आंबूस वास येतो. कळण्याच्या उरलेल्या भाकरी कापडात गुंडाळा, दुसऱ्या दिवशी दही-ठेच्यासोबत चांगल्या लागतात.